दवंडी कुठवर पोचते?

संकटात सापडलेल्या माणसाने हाक कुणाला मारावी? या प्रश्नाचे सरकारी उत्तर आज अवघ्या तीन आकड्यांचे आहे : ११२. पोलिसांसाठी १००, आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ असे निरनिराळे क्रमांक ऐन घाईत आठवत बसावे लागू नये, म्हणून हा एकच क्रमांक आला. २०१८ साली हिमाचल प्रदेशाने तो प्रथम सुरू केला आणि २०२१ साली तो आपल्या महाराष्ट्रात आला. वसतिगृहातल्या मैत्रिणींना मी सहज विचारले, रात्री-अपरात्री प्रसंग ओढवला तर कोणता नंबर लावाल? बहुतेकींनी १०० सांगितला. एकीने मामाचा नंबर सांगितला. सगळ्या हसल्या, पण मला तीच शहाणी वाटली. मामा फोन उचलतो, तिचे घर कोठे आहे हे मामाला सांगावे लागत नाही, आणि मामा तिच्याच भाषेत बोलतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर किती पडदे लावले यावरून अशा यंत्रणेची किंमत करू नये. गावाच्या सर्वांत शेवटच्या घरातल्या बाईला ती त्या मामाइतकी भरवशाची वाटते का, हे पाहावे. गेल्या शंभरएक वर्षांत निरनिराळ्या देशांत या बाबतीत काय काय घडले ते ग्रंथालयात बसून वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले. आणि हा विषय मी का निवडला, तेही ओघाने येईलच.

एका क्रमांकाची कल्पना जन्माला आली ती आगीतून. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरांच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. शेजारच्या एका गृहस्थाने अग्निशामक दलासाठी फोन लावला होता. परंतु टेलिफोन एक्सचेंजमध्ये तो इतरांच्या रांगेत अडकून पडला. त्या गृहस्थाने संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिले, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरवला की एक्सचेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे, म्हणजे बाकीची कामे टाकून तो फोन आधी घेतला जाई. (वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) अमेरिकेला ९११ साठी १९६८ साल उजाडावे लागले. पहिला फोन वाजला तो न्यूयॉर्कमध्ये नव्हे, अलाबामा राज्यातल्या हेलिव्हिल नावाच्या लहानशा गावात. युरोपातील देशांनी १९९१ मध्ये ११२ हा समान क्रमांक ठरवला, कारण फ्रान्समधून जर्मनीत गेलेल्या प्रवाशाला तिथला क्रमांक कसा ठाऊक असणार?

पण क्रमांक एक झाला म्हणजे काम झाले असे नाही. फोन उचलणाऱ्याने पुढे काय बोलायचे? याचा पद्धतशीर विचार सॉल्ट लेक सिटीतील डॉ. जेफ क्लॉसन यांनी केला. १९७९ च्या सुमारास त्यांनी फोन घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची कार्डे तयार केली : आधी काय विचारायचे, उत्तर आले तर पुढे काय सांगायचे. अमेरिकेतील सिॲटल परिसरात तर १९८० च्या दशकापासून, गाडी वाटेत असतानाच, छाती कशी दाबायची हे फोनवरून सांगण्याची प्रथा पडली. म्हणजे फोन घेणारी व्यक्ती ही नुसती निरोप्या राहिली नाही. मदत तिच्या आवाजापासूनच सुरू झाली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शिवारातली दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. आमचे गाव वडगाव. जून महिना होता. सरकी टोकायला आठ बाया गेल्या होत्या आणि माझी आई त्यांच्यात होती. आभाळ भरून आले, सरी सुरू झाल्या, तशा त्या लिंबाच्या झाडाखाली गेल्या. वीज पडली. आमच्या शेजारच्या काकू जागीच कोसळल्या. आई चार हात लांब होती. काकूंच्या अंगात करंट उतरला आहे, हात लावला तर आपणही जाऊ, अशा भीतीने कुणी त्यांना शिवेना. वास्तविक वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, आणि हृदय थांबले असेल तर छाती दाबून काही माणसे परत येतात. हे मला पुढे पुस्तकातून कळले. त्या दुपारी झाडाखाली उभ्या असलेल्या सात बायांना ते कुणी सांगायचे?

मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका मुलाने रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडून विचारले, ठिकाण कोणते? तो म्हणाला, वडगाव. जवळची खूण काय? तो म्हणाला, लिंबाचे झाड, नानांची विहीर. आता आमच्या तालुक्यात वडगाव नावाची दोन गावे आहेत. कागदावर एक बुद्रुक, दुसरे खुर्द. पण छाती धडधडत असताना कोण बुद्रुक-खुर्द करत बसतो? गाडी खुर्दला गेली. तिथून विचारत विचारत आमच्याकडे यायला सव्वा तास लागला. फोन घेणारीचा आवाज चांगला होता, ती घाई करत होती, असे तो मुलगा आजही सांगतो. गाडी वेळेवर आली असती तर काकू वाचल्याच असत्या असे मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. मात्र फोनवरून कुणी "हात लावा, काही होत नाही, छाती दाबा" एवढे म्हटले असते, तर त्या सात बाया नुसत्या बघत उभ्या राहिल्या नसत्या. आईला अजूनही झोपेतून दचकून जाग येते, ती त्या बघत उभे राहण्यामुळे.

ठिकाण सांगण्याच्या या अडचणीवर युरोपने तोड काढली आहे. तिथे तातडीचा क्रमांक लावला की मोबाइल आपण होऊन आपली जागा पलीकडे कळवतो. मार्च २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनमध्ये ही सोय असणे बंधनकारक आहे. सोय उत्तम आहे यात वाद नाही. परंतु आमच्या आळीतल्या निम्म्या घरांत बटणांचाच फोन आहे, त्याचे काय? मला वाटते, आपल्याकडे याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. शेतकऱ्याला इंग्रजीतला 'लँडमार्क' सांगता येणार नाही, पण गट नंबर झोपेतून उठवला तरी सांगता येतो. मजुरी करणाऱ्या बाईलासुद्धा कुणाच्या कोणत्या गटात आज काम आहे ते ठाऊक असते. फोन घेणाऱ्यापुढे गटांचा नकाशा असला आणि त्याने "गट नंबर सांगा" असे विचारले, तर बुद्रुक-खुर्दचा घोटाळा पहिल्या वाक्यातच मिटेल. प्रश्न विचारणाऱ्याने आपल्या सोयीची खूण मागू नये, सांगणाऱ्याला जी येते ती मागावी.

त्याच बटणाच्या फोनबद्दल आणखी एक. सरकारच्या नियमानुसार २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचे बटण असायला हवे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंद करायचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून हा नियम झाला. वाचकहो, आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक होते? मला हे ठाऊक झाले ते या लेखाच्या निमित्ताने. नियम केला, फोन विकला, आणि सांगायचे मात्र राहून गेले.

मदतीला धावणाऱ्यांचे आपापसांतले बोलणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एकच उदाहरण देते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी पहिला कोसळल्यावर, दुसराही टिकणार नाही हे पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होते. तो इशारा पोलिसांच्या बिनतारी संचांवर गेला. आत जिने चढत असलेल्या अग्निशामक जवानांचे संच निराळे होते, त्यांच्यापर्यंत तो थेट पोचण्याची सोय नव्हती. त्या दिवशी ३४३ अग्निशामक कर्मचारी गेले. सर्व दलांसाठी मिळून एक जाळे उभारण्याचा कायदा अमेरिकेने केला तो २०१२ मध्ये, अकरा वर्षांनी. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही कथा. तेव्हा वादळात तार तुटून पडली असता वायरमन, पोलीस पाटील आणि तलाठी यांच्यात निरोपांचा खेळ कसा चालतो ते मी इथे सांगत नाही, वाचकांना ते अनुभवाने ठाऊक आहे.

आता हाकेची दुसरी बाजू पाहू. माणूस यंत्रणेला हाक मारतो तशी यंत्रणेनेही माणसाला हाक मारायची असते : बाबा, पाणी येते आहे, ऊठ. आणि माझ्या मते जगात सर्वांत जास्त माणसे मेली आहेत ती या हाकेच्या अभावी.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळले आणि किमान तीन लाख माणसे बुडाली. वादळ येत आहे हे हवामान खात्याला ठाऊक होते, रेडिओवरून सांगितलेही गेले होते. पण बेटांवरच्या झोपड्यांत रेडिओ कितीसे? आणि ज्यांनी ऐकले त्यांना, ही नेहमीसारखी वावटळ की सर्वनाश, हे कसे समजावे? बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या पुढाकाराने आणि सरकारच्या साथीने तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. त्यातले मुख्य यंत्र म्हणजे गावातलाच माणूस. पगार नाही. हातात मेगाफोन, हाताने फिरवायचा भोंगा आणि झेंडे. धोका वाढेल तसे झेंडे वाढवायचे, म्हणजे निरक्षरालाही कळते. तो घरोघर जातो आणि दार वाजवतो.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात तिथे सुमारे १,३८,००० माणसे गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त होत्या. असे का, याचा शोध घेणाऱ्यांना जे दिसले ते आपल्याला नवे नाही. घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय बाहेर कसे पडायचे, परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात कसे राहायचे, लेकरे आणि गुरे कुणावर टाकायची. इशारा कानांवर पडला होता, पण पाय उचलायची मोकळीक नव्हती. पुढे निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या झाल्या, गुरांसाठी मातीचे उंचवटे झाले, आणि स्वयंसेवकांत स्त्रिया आल्या. आज ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवकांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या 'सिद्र' या जबर वादळात सुमारे ३,४०० माणसे गेली. ही संख्या लहान नाही. पण १९७० शेजारी ती ठेवून पाहावी. आपल्या ओडिशानेही १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली, आणि २०१९ मध्ये 'फणी' आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले. त्या वेळी मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. गरीब मुलखांनी हे करून दाखवले आहे, म्हणून पैसा नाही ही सबब मला पटत नाही.

उलट पैसा असलेल्यांची गोष्ट ऐका. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. देशभरात १८० हून अधिक माणसे गेली. पुराची शक्यता काही दिवस आधीच वर्तवली गेली होती. पण शीतयुद्ध संपल्यावर जुने भोंगे बऱ्याच ठिकाणी खर्च नको म्हणून काढून टाकले होते, आणि सारी भिस्त मोबाइलवरच्या ॲपवर ठेवली होती. आदल्याच वर्षी, १० सप्टेंबर २०२० रोजी, देशभर इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा ॲपवरचा संदेश अर्धा तास उशिरा पोचला होता. लोक हसले आणि विसरले. पुराच्या रात्री झिंत्सिग गावातल्या अपंगांच्या एका निवासात तळमजल्यावरची बारा माणसे बुडाली. त्यांना नुसता संदेश पोचून भागणारच नव्हते, त्यांना उचलून वर न्यायला कुणीतरी हवे होते.

स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे तर याहून विचित्र. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळीच तिथल्या हवामान खात्याने लाल इशारा दिला होता. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने त्या दिवशीचे वर्ग बंद ठेवले होते. मात्र प्रांताच्या अधिकाऱ्यांनी सर्वांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश पाठवला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक गावांत पाणी शिरले होते आणि माणसे बुडाली होती. एकूण २२० हून अधिक मृत्यू झाले. यंत्र तयार होते, कळ दाबणारे बोट तयार नव्हते. एका विद्यापीठाला सकाळी जे उमगले ते सरकारला रात्री उमगावे, याला काय म्हणावे?

बोट घाईने दाबले तरी पंचाईत होते म्हणा. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटाच संदेश सर्वांच्या मोबाइलवर गेला, आणि तो चुकीचा होता हे त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटे लागली. तेवढ्या वेळात आईबापांनी मुलांना कोठे कोठे लपवले असेल!

या सगळ्या हकिकतींत मला मनापासून आवडली ती पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या कोळ्यांच्या गावाची. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि सुमारे दोन तासांनी त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. त्या वेळी हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे केंद्र सुरू झाले ते २००७ मध्ये. पण नल्लवाडूचा एक तरुण सिंगापुरात कामाला होता. त्याला तिथे बातमी कळली आणि त्याने गावाकडे फोन केला. गावात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानचे ज्ञानकेंद्र होते आणि त्याला ध्वनिक्षेपक जोडलेला होता. गावकऱ्यांनी केंद्राचे दार फोडले, ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगितले आणि गाव रिकामे केले. घरे गेली, माणसे वाचली.

हे कसे घडू शकले? तो ध्वनिक्षेपक काही त्सुनामीसाठी बसवलेला नव्हता. त्यावरून रोज समुद्रातल्या लाटांची उंची सांगत, सरकारी योजना सांगत. त्यामुळे तो आवाज ऐकायची कानांना सवय होती, आणि त्यावर बोलते ते खरे असते असा विश्वास होता. जपानमध्येही हेच आहे. तिथे गावोगाव खांबांवर कर्णे बसवलेले आहेत आणि अनेक ठिकाणी रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांवरून एखाद्या बालगीताची धून वाजते. मुलांना वाटते, घरी जायची वेळ झाली. खरे तर ती कर्णा चालू आहे की नाही याची रोजची तपासणी असते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत मिनामिसानरिकु गावात नगरपालिकेची एक तरुण कर्मचारी याच कर्ण्यांवरून 'उंचावर जा' असे सांगत राहिली. अनेकांनी ऐकले. ती स्वतः परतली नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची मीटरमध्ये सांगितली होती आणि ती प्रत्यक्षापेक्षा फार कमी निघाली. आपल्या भिंतीपेक्षा लाट लहान आहे असे समजून काहीजण थांबले असावेत. म्हणून २०१३ पासून तिथे अतिमोठ्या भूकंपानंतर प्रथम आकडा सांगत नाहीत, 'प्रचंड' असा शब्द वापरतात. हवामान खात्याने भाषेचा असा विचार करावा याचे मला, भाषा विषय घेतलेल्या मुलीला, फार अप्रूप वाटले.

आपल्याकडे याला दवंडी म्हणत. पण जुने ते सोने म्हणून मी दवंडीचे गोडवे गाणार नाही, कारण माझे पणजोबाच दवंडी देत. ते काम त्यांनी निवडले नव्हते. महार वतन म्हणून ते गळ्यात पडले होते. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. वतन प्रत्यक्ष गेले ते १९५८ च्या कायद्याने. आजी सांगते, पणजोबा पाटलाच्या वाड्यापासून वेशीपर्यंत ओरडत जात, आणि आमच्या वस्तीत मात्र दवंडी अशी कधी दिलीच जात नसे. सांगणारा तिथलाच, मग तिथे वेगळे काय सांगायचे? साऱ्या गावाला सावध करणाऱ्याची वस्ती गावाच्या हिशेबात धरलेली नव्हती.

ती पद्धत गेली हे उत्तम झाले. पण कुणाला सांगायचे राहिले हे पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, आणि ही बातमी बाहेर आली ती नेहमीच्या रस्त्याने आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव दिसेना म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी गाडली गेली. ती दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीतच नव्हती. तिथे जायला रस्ता नव्हता, मदत करणारे रात्री पावसात डोंगर चढून गेले.

आता मोबाइलवर धोक्याचा संदेश देण्याची नवी सोय आपल्या देशातही आली आहे. ती कशी चालते ते सांगण्यासारखे आहे. एसएमएस म्हणजे पोस्टमन : प्रत्येक नंबराला एकेक पत्र. लाखो पत्रे असली की उशीर होणारच. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी : टॉवरच्या टप्प्यात जो कुणी असेल त्याच्या फोनवर एकाच वेळी, नंबर माहीत नसला तरी आणि इंटरनेट नसले तरी. जर्मनीने पुरानंतर शहाणे होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ती सुरू केली. त्याच वर्षी आपल्याकडे चाचण्या झाल्या. मी तेव्हा अकरावीत होते. वर्गात मोबाइल आणायला सक्त मनाई, आणि तासाला अचानक साताठ दप्तरांतून तो कर्कश आवाज एकदम सुरू झाला. सरांच्या खिशातलाही वाजला म्हणून आम्ही वाचलो. सगळ्यांना वाटले फोन बिघडले. हा आवाज कशाचा, तो आला की काय करायचे, हे त्या दिवशीही आणि नंतरही आम्हांला कुणी सांगितले नाही.

आणि विजेबद्दल म्हणाल, तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव आहे का ते ते दाखवते. चांगले आहे, मी घेतले आहे. देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि ती बहुतांशी शेतातली असतात. आईचा फोन बटणांचा आहे, त्यावर ॲप चालत नाही. शिवाय तो शेतात पडेल, भिजेल म्हणून ती डब्यात घालून घरीच ठेवते. मालकांचा मुलगा गावात असतो आणि फोन त्याच्या हातात असतो. शेतात बाया असतात. म्हणजे इशारा पोचतो तो छपराखाली बसलेल्याला!

आमच्या देवळावर भोंगा आहे. रेशन आले, लाइट जाणार आहे, कुणी वारले, हे सारे त्यावरून रोज सांगतात आणि सारे गाव ऐकते. म्हणजे नल्लवाडूला जे होते ते आमच्याकडेही आहे. मात्र भोंग्याचे तोंड चौकाकडे आहे. आमच्या वस्तीत वारा असेल तर ऐकू येते, शिवारात मुळीच नाही. मला वाटते, प्रत्येक ग्रामपंचायतीने दुसरा कर्णा शिवाराकडे तोंड करून बसवावा आणि विजेचा इशारा आला की पाच मिनिटांत तो वाजवण्याची जबाबदारी दोन माणसांवर सोपवावी. त्यांतली एक बाई असावी, आणि वस्तीतली असावी. आणि तिला त्याचा मोबदला मिळावा, कारण फुकट ओरडण्याचे काम आमच्या घराने पुष्कळ केले आहे. रात्री भोंगा लावायला कायद्याची बंदी आहे असे कुणी म्हणेल, तर सार्वजनिक संकटाच्या वेळी ती लागू नाही हे त्याच नियमांत लिहिले आहे. महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी तो वाजवून पाहावा. आणि शाळेत, बचत गटात, वीज पडलेल्या माणसाला हात लावता येतो हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. बाहुली नसली तर उशी चालते.

एवढे सगळे मी एका कागदावर लिहून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दिले. बाया बसतात त्या बाजूने उठून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. कर्ण्याला किती खर्च येईल, असे एकाने विचारले. वायर धरून रक्कम मी काढूनच नेली होती, ती वाचून दाखवली. "बघू," असे सरपंच म्हणाले. आईने घरी आल्यावर विचारले, कर्णा नेमका कोणत्या खांबावर बसवणार? मी म्हटले, ओढ्याकडच्या. ती म्हणाली, तिथून लिंबापर्यंत ऐकू येईल की नाही ते आधी ओरडून बघ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मी खांबापाशी उभी राहिले, ती लिंबाखाली. मी ओरडले ते तिला ऐकू आले नाही. तिने पदर हलवून नाही म्हणून खूण केली. तेव्हा अर्जात दुरुस्ती करून एक खांब पुढचा लिहिला आहे. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे.